रात्री दहाची गोळी

उद्या ऑपरेशन असलेल्या पेशंटच्या केसपेपरवर आदल्या संध्याकाळी ज्या सूचना लिहितात त्या कोल्हापुरात पाहा, नांदेडात पाहा, नाहीतर ठाण्यात पाहा, जवळपास सारख्याच असतात. रात्री दहानंतर तोंडाने काही नाही. भाग स्वच्छ करून घेणे. संमतीवर सही. पित्ताची गोळी. आणि तिच्या खालीच झोपेची गोळी, अल्प्राझोलम ०.५, रात्री झोपताना. काही ठिकाणी तर ही ओळ हाताने लिहावीही लागत नाही. छापील कागदावर ती आधीच असते, सिस्टरनी फक्त टिक करायची.

मी भूलतज्ज्ञ आहे. ही ओळ मी पहिली वीस वर्षं न चुकता लिहिली. शिकत असताना सीनिअर लिहायचे म्हणून लिहिली, पुढे हाताला सवय लागली म्हणून लिहिली. आज माझं म्हणणं असं आहे की ही गोळी सरसकट देणं बंद झालं पाहिजे, आणि ते कुणा एका डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता रुग्णालयाचा नियम म्हणून बंद झालं पाहिजे. कोणती गोळी जास्त चांगली यावर आम्ही आपसांत पुष्कळ बोलतो. बोलावंच. पण त्या तुलनेत एक गोष्ट आम्ही कधी धरतच नाही, ती म्हणजे आदल्या संध्याकाळी पेशंटच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसलेला भूल देणारा डॉक्टर.

माझं मत बदललं ते पंच्याहत्तरीच्या एका आजींमुळे. अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत पहिला नंबर. संध्याकाळी मी दुसऱ्या रुग्णालयात अडकले होते, म्हणून सूचना फोनवरच सांगितल्या. रात्री नऊला दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन गेलं, दहाला गोळी. मुलगा खाटेखाली सतरंजी टाकून झोपला. साडेतीनला त्याला जाग आली ती सलाईनचा स्टँड पडल्याच्या आवाजाने. आजींनी हातातली सुई उपटली होती, चादरीवर रक्त सांडलं होतं आणि त्या मोडलेल्या पायासकट खाली उतरू पाहत होत्या. म्हशीचं दावं सुटलंय, तिला बांधून येते, असं म्हणत होत्या. म्हैस विकून बारा वर्षं झाली होती. मुलाला त्या ओळखत नव्हत्या. तीस खाटांना एक सिस्टर. तिने मावशींना हाक मारली आणि दोघींनी मिळून आजींना कसंबसं धरून ठेवलं. ऑपरेशन पुढे ढकललं. भ्रम उतरायला तीन दिवस लागले. मुलगा मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “मॅडम, आईला वेड लागलं का हो?”

खुबा मोडलेल्या वयस्कर माणसाला गोळीशिवायही भ्रम होतो. वेदना, अंगातलं पाणी कमी होणं, लघवीतला जंतुसंसर्ग, अनोळखी जागा, चष्मा जवळ नसणं, यातलं काहीही पुरतं. सगळा दोष त्या गोळीवर टाकणं खोटेपणाचं होईल. पण त्या रात्रीच्या कारणांपैकी जे एक पूर्णपणे माझ्या हातात होतं ते मी न पाहता, न भेटता, फोनवर सांगितलं होतं. आजी पुढे बऱ्या होऊन चालत घरी गेल्या. माझी ती सवय मात्र तिथेच मोडली.

या गोळ्यांनी झोप लागते असं आपण म्हणतो ते फार ढोबळ आहे. अल्प्राझोलम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिनची भावंडं. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते मज्जापेशींना आवर घालतं. ही औषधं त्याचा जोर वाढवतात. डोळे लवकर मिटतात हे खरं. पण गाढ झोपेचा टप्पा आणि स्वप्नांचा टप्पा, दोन्ही त्यांच्यामुळे आखडतात आणि वरवरची झोप वाढते. शिवाय ही औषधं नवीन आठवण रुजू देत नाहीत. सकाळी पेशंट “छान झोप लागली” म्हणतो तेव्हा रात्री तो दोनदा उठून बसला होता, एकदा घरी फोन लावा म्हणाला होता, हे त्याच्या गावीही नसतं. सिस्टरच्या नोंदीत मात्र ते असतं. म्हणून पेशंटचं समाधान हा या गोळीचा पुरावा म्हणून मी आता धरत नाही.

तरीही गोळ्या-गोळ्यांत फरक आहेच, आणि तो पाहायचा तर घड्याळ समोर ठेवावं. गोळी रात्री दहाला, ऑपरेशन सकाळी नऊला. मध्ये अकरा तास. धडधाकट माणसाच्या शरीरातून अल्प्राझोलमचा निम्मा भाग जायला साधारण अकराच तास लागतात. म्हणजे तो टेबलवर येतो तेव्हा अर्धी गोळी अजून अंगात असते. वय झालेल्या माणसात अर्ध्याहून जास्त. लोराझेपामचं गणित त्याच्याच आसपासचं. डायझेपाम, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीची ‘काम्पोज’, निम्मं व्हायला एक ते दोन दिवस घेतं, आणि शरीरात त्यापासून जो पदार्थ बनतो तो त्याहूनही चिवट असतो. नायट्राझेपाम दुसऱ्या दिवशी दिवसभर रेंगाळतं. या चौघांपैकी एकही ‘रात्रीपुरती’ गोळी नाही.

झोल्पिडेम त्या कुळातलं नसलं तरी मेंदूतल्या त्याच ठिकाणी काम करतं. ते अडीच तासांत निम्मं होतं, सरासरी धरली तर सकाळी नऊला त्याचा जेमतेम विसावा हिस्सा उरतो. त्यामुळे माझे बरेच सहकारी हल्ली त्याच्याकडे वळलेत. पण त्याचा सगळा जोर पहिल्या तीन-चार तासांतला, आणि साठी ओलांडलेला माणूस लघवीला उठतो तोही त्याच तासांत. अनोळखी खोली, घरच्यापेक्षा उंच खाट, अंधारात पायाला चप्पल लागत नाही. सरासरीही सगळ्यांना लागू पडत नाही. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश उतरतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावली. २०१९ मध्ये झोपेत चालणं, झोपेत गाडी चालवणं अशा प्रकारांसाठी माहितीपत्रकात सगळ्यांत कडक इशाराही छापायला लावला. उरली ती हायड्रॉक्सिझिन आणि प्रोमेथाझिनसारखी ॲलर्जीची औषधं. ‘ही साधी आहेत’ असं समजून दिली जातात. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना ती दिली की लघवी तुंबते, तोंड कोरडं पडतं, आणि डोकं गोंधळतं ते वेगळंच.

यांत त्यातल्या त्यात सौम्य म्हणजे मेलाटोनिन. अंधार पडल्यावर आपल्याच मेंदूतली ग्रंथी जे सोडते तेच हे. ते तासाभरातच निम्मं होतं आणि श्वासावर दाब आणत नाही. ऑपरेशनपूर्वीच्या भीतीवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनने, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २०२० मध्ये जो आढावा घेतला त्यात मेलाटोनिन घेतलेल्यांची भीती औषध नसलेल्या खडूच्या गोळीपेक्षा कमी निघाली, आणि बेंझोडायझेपिनच्या बाजूला ठेवलं तर दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. ज्या गोळीने आजी म्हशीमागे निघाल्या तिच्याइतकंच काम जर हे साधं औषध करत असेल, तर पहिली निवड कोणती असावी यावर फार खल करायचं कारण नाही. वयस्कर माणसांना कोणती औषधं टाळावीत याची अमेरिकेतल्या वृद्धारोग्य तज्ज्ञांची एक यादी आहे, बिअर्स निकष म्हणतात तिला. त्या यादीत बेंझोडायझेपिनही आहेत आणि झोल्पिडेमही.

मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. अहो, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, तुम्ही स्वतःच याच कुळातलं मिडाझोलाम देता, मग वॉर्डातल्या अर्ध्या मिलिग्रॅमची एवढी धास्ती का? कारण ओटीत मी शेजारी असते. बोटाला ऑक्सिजनचा क्लिप असतो, मॉनिटर टिकटिकत असतो, श्वास मंदावला तर हनुवटी उचलायला माझा हात तिथे असतो. वॉर्डात रात्री तीनला यातलं काहीही नसतं. जाड मानेचा, पन्नाशीचा, रक्तदाबाचा पेशंट जोरात घोरतो आणि घोरता घोरता मध्येच थांबतो, हे त्याच्या बायकोला वीस वर्षांपासून माहीत असतं. आम्हाला माहीत नसतं, कारण आम्ही तिला विचारलेलंच नसतं. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सेस चुंग यांनी २००८ मध्ये घोरणाऱ्यांची चाचपणी करायला आठ प्रश्नांची एक यादी दिली. घोरता का, दिवसा थकवा येतो का, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलं का, रक्तदाब आहे का, आणि मग वजन, वय, मानेचा घेर, स्त्री की पुरुष. दोन मिनिटांचं काम. ते न करता अशा माणसाला गोळी देणं, वर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल देणं, याला माझ्याकडे आता कुठलंच समर्थन नाही. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं आणि बेंझोडायझेपिन एकत्र गेली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, हा इशारा अमेरिकेत २०१६ पासून दोन्ही औषधांच्या माहितीपत्रकांत आहे.

आता उलट बाजू. गोळीने निदान पेशंटला बरं वाटत असेल, तर? हेच तपासायला फ्रान्समध्ये १,०६२ पेशंटांवर एक मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटाला ऑपरेशनच्या सकाळी लोराझेपाम, एकाला खोटी गोळी, एकाला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर भुलीच्या अनुभवाबद्दलचं समाधान तिन्ही गटांत सारखंच. फरक पडला तो भलतीकडेच. लोराझेपामवाल्यांच्या घशातली नळी काढायला सरासरी १७ मिनिटं लागली, काहीच न घेतलेल्यांची १२ मिनिटांत निघाली. डोकं लवकर ताळ्यावर येण्याचं प्रमाण लोराझेपामच्या गटात ५१ टक्के, काहीच न घेतलेल्यांत ७१ टक्के. जर्मनीत पुढे ६५ ते ८० वयाच्या ६१६ जणांवर मिडाझोलामची अशीच चाचणी झाली, तिथेही समाधानात फरक निघाला नाही. या दोन्ही चाचण्या सकाळच्या गोळीच्या आहेत, रात्रीच्या नाहीत, हे मी मान्य करते. पण रात्रीच्या अल्प्राझोलमचा अर्धा भाग सकाळीही अंगात असतो हे वर पाहिलंच. मग सकाळच्या गोळीबद्दल जे कळलं ते रात्रीच्या गोळीला लागूच नाही असं म्हणायला फार जागा उरत नाही.

माझ्या मते याहून महत्त्वाचा अभ्यास साठ वर्षांपूर्वीचा आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात लॉरेन्स एग्बर्ट नावाचे भूलतज्ज्ञ होते. १९६३ मध्ये त्यांनी नेमकी ती तुलना केली जी आम्ही टाळतो. त्या काळी पेंटोबार्बिटल या झोपेच्या औषधाचं चलन होतं. काही पेशंटांना ते दिलं, काहींना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ जाऊन भेटला, त्यांना भूल कशी देणार, उद्या काय काय होणार ते सांगितलं. औषधवाले पेंगुळलेले होते पण शांत नव्हते. भेट झालेले पेंगुळलेले नव्हते आणि शांत होते. पुढच्याच वर्षी एग्बर्टनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटांवर आणखी एक प्रयोग केला. निम्म्यांना सांगितलं की नंतर कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, कुशीवर कसं वळायचं, पोट सैल कसं सोडायचं. कुणाला सांगितलंय हे सर्जनना ठाऊक नव्हतं. सांगितलेल्यांना मॉर्फिनच्या जातीची औषधं जवळजवळ निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. एखाद्या गोळीने एवढा परिणाम दाखवला असता तर ती आज प्रत्येक छापील कागदावर असती.

मग ही भेट का होत नाही? आळस हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. महाराष्ट्रातल्या लहान शहरांतले बहुतेक भूलतज्ज्ञ एका जागी नोकरीला नसतात. सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया, रात्री तिसरीकडून फोन. पेशंट दाखल होतो संध्याकाळी, फिजिशियनकडून ‘फिटनेस’ आलेला असतो, आणि तेवढ्यावर आमचं काम भागलं असं सगळेच धरून चालतात. आम्हाला पेशंट पहिल्यांदा दिसतो तो हिरव्या कपड्यात, टेबलवर आडवा. आदल्या दिवशीच्या भेटीचे वेगळे पैसे मला आजवर मिळालेले नाहीत. पॅकेजमध्ये गोळीची किंमत धरलेली असते, माझ्या पंधरा मिनिटांची नसते. गोळी काही रुपयांत येते, तिला गाडीचं पेट्रोल लागत नाही आणि ती प्रश्न विचारत नाही. म्हणून ती टिकून आहे.

गेल्या पावसाळ्यात गर्भाशय काढण्यासाठी दाखल झालेल्या एका ताईंकडे मी रात्री आठला गेले. चाळिशीच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, या सारख्या झोपेची गोळी मागतायत.” मी स्टूल ओढलं. पहिली पाच मिनिटं त्या नुसत्या “नाही, काही नाही” म्हणत राहिल्या. मग त्यांची बोटं मंगळसूत्राच्या वाट्यांवर फिरायला लागली. हे काढायचं का? त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की टेबलवर नेताना काढून घेतात, आणि त्यांच्या सासूबाई म्हणाल्या होत्या की नवरा असताना काढू नये. झोप उडाली होती ती या गोष्टीने. मी त्यांना कारण सांगितलं. करंट वापरून रक्तवाहिनी बंद करतात, तेव्हा अंगावरच्या धातूने भाजू शकतं. मग ठरलं की सकाळी यजमानांनीच ते स्वतःच्या हाताने काढून खिशात ठेवायचं आणि ओटीबाहेर आल्यावर पुन्हा त्यांनीच घालायचं. हातातल्या काचेच्या बांगड्यांना टेप गुंडाळून चालेल. त्यानंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो आपल्याकडे प्रत्येक बाई विचारते. पाठीत सुई दिल्यावर कंबर कायमची जाते का? नाही जात, सुई टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखू शकते. आणि तिसरा अगदी खालच्या आवाजात, “मधेच जाग आली तर?” मी म्हटलं, “मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी बसलेली असेन, उठून कुठे जाणार नाही.” सतरा मिनिटं लागली. गोळी त्यांनी नंतर मागितली नाही. कोणत्या औषधात मंगळसूत्राचं उत्तर असणार होतं?

अशाच एका भेटीत हर्नियाच्या एका पेशंटची बायको माझ्यामागे दारापर्यंत आली आणि म्हणाली, “ते रोज घेतात हो, पण सांगू नका मी सांगितलं म्हणून.” रोज पिणाऱ्याची दारू दाखल झाल्यावर अचानक तुटते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, कधी फिट येते. त्या माणसाला खरंच बेंझोडायझेपिनची गरज होती, पण ठरवून, मोजून, कारण लिहून. बायको बोलली नसती तर त्याला आम्ही सवयीची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली असती आणि ऑपरेशननंतरच्या रात्री तो का बरळतोय म्हणून चक्रावलो असतो.

म्हणजे या गोळ्यांवर माझी सरसकट बंदीची मागणी नाही. जे वर्षानुवर्षं क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलम घेतात त्यांची गोळी ऑपरेशनच्या आदल्या रात्री बंद करणं हाही तितकाच मोठा गुन्हा आहे. अचानक तोडली तर अस्वस्थता, घाम, झटके. त्यांना ती नेहमीच्या वेळी, नेहमीच्या मात्रेत मिळालीच पाहिजे. आधीच्या ऑपरेशनचा जबर धसका घेतलेली माणसं असतात, काही केल्या न शमणारी भीती असते, तिथेही मी गोळी देते. मात्र बोलून झाल्यावर, वय आणि घोरणं विचारून, लहान मात्रेत, आणि रात्री सिस्टरनी दोनदा पाहून जावं अशी सूचना लिहून.

झोप न लागण्याची निम्मी कारणं आपण स्वतः तयार करतो, हे मात्र प्रत्येक रुग्णालयाने कबूल केलं पाहिजे. रात्री दहापासून पाणी बंद, आणि नंबर लागतो दुपारी एकला. पंधरा तास कोरड्या घशाने माणूस झोपेल कसा? साधं पाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो, हलकं खाणं आणि दूध सहा तास आधीपर्यंत. हे जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत पंचवीस वर्षांहून जास्त काळ छापलेलं आहे. सकाळी नऊच्या ऑपरेशनला रात्री दहाचं कपभर दूध त्या नियमात बसतं. घरून थर्मासमधून जायफळ घातलेलं दूध घेऊन आलेल्या आईला आपण दारातून परत पाठवतो आणि तिच्या मुलाला अल्प्राझोलम देतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मधुमेहामुळे किंवा इतर काही आजारामुळे ज्यांचं पोट सावकाश रिकामं होतं त्यांचा नियम वेगळा, तो भूलतज्ज्ञाने ठरवावा. पण तोही ठरवायला तो आदल्या दिवशी भेटावा लागतो.

आवाजाचं तेच. वॉर्डात रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच म्हटलंय. आमच्या वॉर्डात बाराला ट्रॉली जाते, कुणाच्या तरी मोबाईलवर रील्स चालू असतात, पाचला मामा सगळे दिवे लावून ‘चला, आंघोळी’ म्हणतात. हे बदलायला पैसा लागत नाही. डेट्रॉइटमध्ये खुबा आणि गुडघा बदलणाऱ्या १८ जणांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात काहींना ऑपरेशनच्या आधीचा आठवडाभर घरीच रोज जास्त वेळ अंथरुणात घालवायला सांगितलं. त्यांना नंतर दुखलं कमी आणि वेदनाशामकंही कमी लागली. अठरा जणांवरून मोठा दावा करता येत नाही, पण झोपेची तयारी आठ दिवस आधी घरी सुरू करावी, ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. तिने नुकसान तर काहीच नाही.

संमतीपत्राकडेही पाहिलं पाहिजे. पेशंटच्या संमतीबद्दलच्या समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती पुरेशी माहिती मिळून, स्वेच्छेने आणि निर्णय घेण्याची क्षमता असताना दिलेली असली पाहिजे. माझ्या पाहण्यात असे कागद आहेत ज्यांवर गोळीची वेळ रात्री दहा आहे आणि सही साडेदहाची. सिस्टरांची चूक म्हणावी तर त्या तेव्हा एकट्या असतात आणि कागद पुरे करायचे असतात. पण जिच्या डोळ्यांवर औषधाची झापड आहे अशा बाईने ‘गरज पडल्यास अंडाशयही काढावे’ या ओळीखाली केलेली सही ही कसली संमती?

रस्त्यावरच्या औषध दुकानदाराला हीच गोळी विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, सगळं औषध नियमांतल्या एच-वन अनुसूचीच्या वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. वॉर्डात ती छापील ओळीवरच्या एका टिकने जाते. पुढे तीच ओळ डिस्चार्ज कार्डावर उतरते, पेशंट घरी नेऊन ती चालू ठेवतो, आणि सहा महिन्यांनी मला विचारतो, “ही कधी बंद करायची?” म्हणून ती छापील ओळ आधी खोडा. द्यायचीच असेल तर का, कुणाला आणि किती, हे भूलतज्ज्ञाने स्वतः पेशंटला पाहून हाताने लिहावं. ठरलेल्या ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञाची भेट झाल्याशिवाय ओटीची यादी पक्की होऊ नये, आणि विमा कंपन्यांच्या व सरकारी योजनांच्या पॅकेजमध्ये त्या भेटीचे पैसे वेगळे धरावेत. जिथे भूलतज्ज्ञ पोचूच शकत नाही तिथे व्हिडिओ कॉल करावा. माझ्या आजींच्या वेळी मी फोन केला होता तो सिस्टरना. आजींना किंवा त्यांच्या मुलाला करायला काय हरकत होती?

हल्ली त्या ओळीच्या जागी मी माझा मोबाईल नंबर लिहिते, आणि पुढे ‘झोप लागत नसेल तर रात्री अकरापर्यंत फोन करा’. सहकाऱ्यांना वाटलं होतं की मला रात्रभर झोप मिळणार नाही. आठवड्याला दोन, फार तर तीन फोन येतात. बहुतेक दोन मिनिटांत संपतात. परवा पावणेअकराला एका काकांचा आला, सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पहिल्यांदा बराच वेळ ते पावसाबद्दलच बोलले. मग म्हणाले, “मॅडम, सकाळचा चहा चुकला की माझं डोकं उठतं हो, चाळीस वर्षांची सवय आहे. बंदच का तो उद्या?” मी सांगितलं, “सात वाजेपर्यंत घ्या. एक कप, बिनदुधाचा.” “साखर?” “चालेल.”